मुरगाव हार्बरचं स्टेशन कुठं गेलं?

रेल्वेने वास्कोपर्यंत येणारा प्रवासी आज तिथे उतरतो आणि रूळ इथेच संपले असं समजतो. रूळ तिथे संपत नाहीत. वास्कोच्या फलाटांपासून ते पश्चिमेकडे पुढे जातात आणि मुरगाव बंदराच्या कुंपणाआड शिरतात. त्या टोकाच्या स्टेशनाचं नाव मुरगाव हार्बर. रेल्वेच्या कागदांत ते नाव अजून आहे आणि मालगाड्याही तिथे जातात. नाहीसं झालं ते प्रवाशांचं स्टेशन. मीटर गेजच्या, म्हणजे अरुंद रुळांच्या काळात गोव्याची गाडी तिथून निघायची आणि तिथेच येऊन थांबायची. बोटीतून उतरलेला माणूस सामान घेऊन थेट डब्यात चढायचा. आज वास्कोतल्या पंचविशीतल्या मुलाला विचारा, ‘हार्बरला गाडीत बसायचं’ या वाक्याचा अर्थ त्याला समजावून सांगावा लागतो.

गाड्या येणं बंद झालं आणि म्हणून स्टेशन संपलं, असं आपण सहज म्हणतो. माझ्या मते यात कार्यकारण उलटं होतं. टोकावरचं मोठं स्टेशन उभं राहतं तेच मुळी एखाद्या खोळंब्याच्या जागी. माल एका वाहनातून उतरवून दुसऱ्यात भरायचा असतो, माणसाला गाडी सोडून बोट धरायची असते, इंजिनाला पाणी घ्यायचं असतं, सरकारी माणसाला पेट्या उघडून बघायच्या असतात. या सगळ्याला वेळ लागतो, आणि त्या वेळावर हमाल, कारकून, खानावळवाला, गोदामवाला अशी अख्खी वस्ती जगते. खोळंबा दूर झाला की स्टेशनाचं कारणच उरत नाही. मुरगावला असे खोळंबे एकावर एक रचलेले होते, आणि शंभरेक वर्षांत ते एकेक करून सुटत गेले.

सुरुवात भूगोलापासून करू. गोव्याची राजधानी मांडवीच्या काठी, पण पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी वाळूचा बांध आणि उसळता समुद्र. मोठ्या जहाजांना आत यायची सोय नाही. जुवारीच्या मुखाशी दक्षिणेला मुरगावचं भूशिर पुढे आलेलं आहे. त्याच्या आडोशाला पाणी खोल आणि शांत. बारमाही बंदर करायचं तर हीच जागा, हे पोर्तुगीजांना ठाऊक होतं. अडचण दुसऱ्या बाजूला होती. बंदराच्या पाठीशी सह्याद्री उभा. घाटमाथ्यावरचा माल खाली आणायचा आणि गोव्याचं मीठ वर न्यायचं तर लमाण्यांचे बैलांचे तांडे हाच मार्ग होता. बैलाच्या पाठीवर मावेल तेवढाच माल जायचा, आणि पावसाळ्यात तोही नाही.

पुढे जे झालं ते गोव्याच्या इतिहासातलं मोठं वळण आहे, पण शाळेच्या पुस्तकात त्याला दोन ओळी मिळतात. २६ डिसेंबर १८७८ रोजी लिस्बनमध्ये ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात तह झाला. तो १८८० पासून लागू झाला. त्याची मुख्य कलमं साधी आहेत. ब्रिटिश हिंदुस्थान आणि गोवा यांच्यामधली जकात उठवायची. मुरगावला बंदर बांधायचं आणि तिथून घाट चढून ब्रिटिश हद्दीतल्या रेल्वेला भिडणारा लोहमार्ग टाकायचा. बदल्यात गोव्याच्या मिठागरांवर ब्रिटिशांचं नियंत्रण, आणि त्यापोटी ब्रिटिश सरकारने गोव्याला दरवर्षी चार लाख रुपये द्यायचे. ब्रिटिशांना मीठ एवढं का हवं होतं? कारण त्यांच्या मुलखात मिठावर कर होता. गोव्यातून स्वस्त मीठ घाट चढू लागलं असतं तर तो कर बुडाला असता. म्हणून आधी मिठाला वेसण, मग रेल्वे. माडाच्या सुरेवरही ब्रिटिश पद्धतीची अबकारी आली. मिठागरं राखणारा आणि माडावर चढणारा रेंदेर या दोघांच्या पोटावर तहाने पाय दिला. त्या वर्षांत गोव्यातून मुंबईकडे माणसांची रीघ लागली, त्यामागे हेही एक कारण होतं. गोव्याच्या रेल्वेची गोष्ट सांगताना इंजिनांचं कौतुक होतं, ते व्हावंच. पण रूळ टाकायची किंमत आधी कुणी मोजली, हे मला त्याआधी सांगावंसं वाटतं.

रेल्वे बांधायला पैसा हवा. तो लंडनमध्ये उभा राहिला. वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज गॅरंटीड रेल्वे असं त्या कंपनीचं लांबलचक नाव. यातला ‘गॅरंटीड’ हा शब्द समजून घेतला तर पुढचं निम्मं कोडं सुटतं. समजा, तुमच्या गावात कुणी भाताची गिरण घालायला तयार आहे, पण त्याची अट अशी की गिरणीत घातलेल्या पैशावर ठरलेलं व्याज त्याला दरवर्षी मिळालंच पाहिजे. गिरण चालली तर तिच्या कमाईतून आणि नाही चालली तर ग्रामपंचायतीच्या तिजोरीतून. गिरणमालकाला धोका काहीच नाही, धोका सगळा गावाचा. पोर्तुगीज सरकारने कंपनीला अशीच हमी दिली होती. हिंदुस्थानातल्या बहुतेक सुरुवातीच्या रेल्वे याच पद्धतीने बांधल्या गेल्या, पण ब्रिटिशांच्या मोठ्या तिजोरीला जे पेललं ते गोव्यासारख्या छोट्या मुलखाला जड गेलं.

बंदर आणि रेल्वे ही एकाच कामाची दोन अंगं होती. समुद्रात लाटा अडवणारा धक्का, धक्क्याला लागून जहाजं उभी राहण्याची जागा, आणि त्याच धक्क्यावर रूळ. त्या रुळांवरून गाडी निघाली की वास्को, दाबोळी, कासावली, माजोर्डा, मडगाव, चांदर, सावर्डे करत कुळ्यापर्यंत सपाटीने जायची. कुळ्यानंतर घाट. मुरगावपासून घाटमाथ्यावरच्या हद्दीपर्यंत सुमारे ८२ किलोमीटर. हा सगळा मार्ग १८८८ मध्ये वाहतुकीला खुला झाला.

कुळे ते घाटमाथ्यावरचं कॅसल रॉक हे अंतर जेमतेम २६ किलोमीटरचं, पण सगळं अवघडपण तिथेच आहे. इथला चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की रूळ १ मीटर वर चढतात. रस्त्यावर गाडी चालवणाऱ्याला हा चढ जाणवणारही नाही. पण रेल्वेचं चाक लोखंडाचं आणि रूळही लोखंडाचा. त्यांच्यातलं घर्षण फार कमी असतं. सपाटीवर हे वरदान आहे, थोड्या जोरात केवढा तरी माल ओढता येतो. चढावर तोच शाप होतो, चाकं जागच्या जागी फिरतात, आणि पावसात रूळ ओले झाले की आणखीच. म्हणून कुळ्याला गाडीच्या मागे आणखी इंजिनं जोडावी लागतात. पुढचं ओढतं, मागची ढकलतात. त्यांना बँकर म्हणतात. ही व्यवस्था आजही आहे. दूधसागरच्या पुलावर गाडीच्या शेवटच्या डब्यामागे जी इंजिनं दिसतात ती हीच. उतरताना ती मागून गाडीला आवरून धरायला कामी येतात.

यातून आणखी एक गोष्ट ठरली. घाट अरुंद, वळणं तीव्र, पैसा मोजका, आणि पलीकडे ब्रिटिश हद्दीतल्या सदर्न मराठा रेल्वेचे रूळही मीटर गेजचे. म्हणून गोव्यातही मीटर गेजच आला. दोन रुळांमधलं अंतर एक मीटर. मुंबईहून येणारी मोठी लाइन ब्रॉड गेजची, म्हणजे १६७६ मिलिमीटरची. एका गेजचा डबा दुसऱ्या गेजवर चालूच शकत नाही. हा निर्णय त्या वेळी योग्य होता, पण त्यात शंभर वर्षांनंतरचा एक शेवट दडलेला होता.

रेल्वे सुरू होऊन चार वर्षं झाली नाहीत तोच पाया हलला. तहाची मुदत १८९२ मध्ये संपली आणि तो पुन्हा झाला नाही. जकातीची भिंत पुन्हा उभी राहिली. दख्खनचा कापूस मुरगावमार्गे परदेशी जाईल या हिशेबावर सगळा डोलारा उभा होता, पण घाटमाथ्यावरची रेल्वे पुण्याला जोडली गेली आणि तो माल मुंबईकडे वळत राहिला. कंपनीला तोटा, आणि हमीच्या व्याजाचा बोजा पोर्तुगीज तिजोरीवर. अखेर १९०२ पासून गाड्या चालवायचं कामच सदर्न मराठा रेल्वेकडे गेलं. रूळ पोर्तुगीज हद्दीत, मालकी लंडनच्या कंपनीची, व्याज लिस्बनच्या हमीचं आणि चालवणारी ब्रिटिश हिंदुस्थानातली रेल्वे.

जकातीचा अडथळा परत आला तसा स्टेशनांचा रुबाब मात्र वाढला. ब्रिटिश बाजूला कॅसल रॉक, पोर्तुगीज बाजूला कुळे. दोन्हीकडे सामानाची तपासणी, दोन्हीकडे शिपाई, गाडी उभीच. रानातल्या या दोन ठिकाणांना महत्त्व आलं ते या थांब्यांमुळे. सप्टेंबर १९४६ मध्ये डॉ. राममनोहर लोहिया पुन्हा गोव्यात शिरले तेव्हा पोर्तुगीजांनी त्यांना कुळे स्टेशनावरच पकडलं. सरहद्दीचं स्टेशन म्हणजे राज्याचं दार असतं, आणि तिथे कोण अडवलं जातं त्यावरून राज्य ओळखता येतं.

मुरगावच्या टोकाला काय होतं? इथे जमीन संपायची. पणजीच्या माणसाला मडगावच्या पलीकडे कुठेही रेल्वेने जायचं तर मध्ये जुवारी आडवी. पूल नव्हता. दोनापावलाहून लाँचने खाडीचं तोंड ओलांडून मुरगावला यायचं आणि गाडी धरायची. मुंबई-पुण्याकडून येणाऱ्याचा रस्ता याच्या उलट. वाटेत गेज बदलायचं म्हणून गाडीही बदलायची. पुढच्या काळात ही बदली मिरजेला व्हायची, आणि घाटावरून गोव्यात येणाऱ्या मराठी कुटुंबांत मिरजेच्या फलाटावर बिछाना पसरून काढलेल्या रात्रींच्या आठवणी अजून निघतात. देवदर्शनाला म्हार्दोळ-मंगेशीला येणारे कुळावी, सुट्टीला घरी येणारे मुंबईचे नोकरदार, जहाजावर चढायला निघालेले खलाशी, सगळे याच रुळांवरून येत-जात.

वाफेच्या काळात टोकाच्या स्टेशनाला लागणारी साधनंही सांगायला हवीत, कारण नंतर नाहीशी झाली ती हीच. वाफेच्या इंजिनाला प्रवास संपला की कोळसा भरायचा, पाणी घ्यायचं, राखेच्या खड्ड्यावर उभं राहून विस्तवाची राख पाडायची, आणि परत जायचं तर तोंड फिरवायचं. त्यासाठी पाण्याचा उंच टाका, कोळशाचा ढीग, राखेचा खड्डा, इंजिन फिरवायची तबकडी किंवा तिकोनी रूळ. शिवाय डबे लावायला बाजूचे रूळ, मालाच्या शेड, आणि फायरमन, खलाशी, पॉइंट्समन यांच्या राहण्याच्या खोल्या. एवढा पसारा म्हणजे तुमच्या-आमच्या बोलीतला डेपो. वास्को-मुरगावचा जुना भाग या पसाऱ्याभोवती आणि बंदराच्या धक्क्याभोवती वाढला.

या टोकाला जगाच्या इतिहासातही एकदा मोठी जागा मिळाली. दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ असल्यामुळे मुरगावही तटस्थ बंदर होतं. ऑक्टोबर १९४३ मध्ये अमेरिका आणि जपान यांनी एकमेकांच्या ताब्यातले नागरिक इथे बदलून घेतले. जपानकडून ‘तेइया मारू’ जहाज आलं, अमेरिकेकडून स्वीडिश जहाज ‘ग्रिप्सहोम’. दोन्ही बाजूंचे मिळून हजारो लोक मुरगावच्या धक्क्यावर एका जहाजातून उतरून दुसऱ्यात चढले. त्याच वर्षी मार्चमध्ये याच बंदरात आसरा घेतलेल्या जर्मन जहाजांवर कलकत्त्याहून आलेल्या ब्रिटिश स्वयंसेवकांनी छुपा हल्ला केला होता.

मोठा तडाखा १९५५ मध्ये बसला. गोवा मुक्तीच्या सत्याग्रहानंतर भारत सरकारने गोव्याची आर्थिक कोंडी केली आणि घाटावरची रेल्वे तोडली. मुरगावची गाडी आता गोव्याच्या आतल्या आतच फिरू लागली. बंदर यात बुडायला हवं होतं, पण झालं उलटं. त्याच सुमारास गोव्याच्या खनिज लोखंडाला जपान आणि युरोपात मागणी वाढली होती. हे खनिज घाटापलीकडून आणायचं नव्हतं, ते गोव्याच्याच डोंगरांत होतं. आणि ते बंदरापर्यंत यायला रेल्वेचीही फारशी गरज नव्हती. मांडवी आणि जुवारी दोन्ही नद्या खाणींच्या जवळून वाहतात, मध्ये कुंभारजुव्याचा कालवा त्यांना जोडतो. बार्ज भरायची, भरती-ओहोटी साधायची, थेट जहाजापाशी माल. गोव्यातली खनिजाची वाहतूक मुख्यतः नदीने झाली. म्हणजे रेल्वेसाठी बांधलेल्या बंदराने रेल्वेला बाजूला ठेवून भरभराट केली. मला ही या कथेतली सर्वांत महत्त्वाची घडी वाटते. बंदर आणि स्टेशन यांचं लग्न इथे मोडलं, पुढची चाळीस वर्षं ती नुसती शेजारी म्हणून राहिली.

डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, रेल्वे पुन्हा घाटावर जोडली गेली आणि भारतीय रेल्वेत आली. कुळे आणि कॅसल रॉकची जकात संपली. सरहद्दीचा खोळंबा सुटला. १९७० च्या दशकाच्या शेवटी मुरगावला खनिज हाताळणारी मोठी यंत्रणा उभी राहिली, पट्ट्यावरून माल थेट जहाजात जाऊ लागला. हजारो हातांचं काम यंत्राने घेतलं. १९८३ मध्ये कुठ्ठाळीला जुवारीवर पूल झाला. पणजीची बस थेट मडगावला आणि वास्कोला येऊ लागली, लाँचने खाडी ओलांडून हार्बरला गाडी धरायचं कारण उरलं नाही. वाफेची इंजिनं गेली आणि डिझेल आलं तेव्हा पाण्याचा टाका, राखेचा खड्डा, तबकडी हे सगळं एका फटक्यात निरुपयोगी झालं. डिझेलच्या इंजिनाला दोन्हीकडून चालवता येतं आणि एकदा टाकी भरली की ते दूरवर जातं. त्याला टोकाला मुक्काम करायची गरज नसते.

शेवटचा घाव गेजचा. १९९२ पासून भारतीय रेल्वेने देशभर एकच गेज करायचं ठरवलं आणि त्या दशकात घाटावरच्या लोंढ्यापासून वास्कोपर्यंतचा मार्ग ब्रॉड गेज झाला. गेज बदलणं म्हणजे रूळ थोडे लांब सरकवणं नव्हे. रुळांखालचे आडवे स्लीपर बदलतात, कारण मीटर गेजचा स्लीपर ब्रॉड गेजला आखूड पडतो. वळणं सैल करावी लागतात, पूल आणि बोगदे रुंद, फलाट हलवावे लागतात, यार्डातला प्रत्येक सांधा नव्याने बसवावा लागतो. त्यासाठी महिनोन्‌महिने गाड्या बंद. मग प्रश्न येतो, जुन्या यार्डातले कोणते रूळ परत टाकायचे? जिथे आता काम आहे तेवढेच. टोकाचं प्रवासी स्टेशन या यादीत बसत नव्हतं. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि मुंबईचा प्रवासी मडगावला, थिवीला, करमळीला उतरू लागला. गोव्याच्या रेल्वेचं केंद्र समुद्राच्या टोकावरून मडगावच्या जंक्शनवर आलं. पुढे २००४ पासून जगभरच्या बंदरांना लागू झालेल्या सुरक्षा नियमांनी बंदराची दारंही सर्वसामान्यांसाठी घट्ट झाली. धक्क्यावर तिकीट काढून जायची कल्पनाच संपली.

यात कुणी एकाने येऊन स्टेशन पाडलं असं झालेलं नाही. प्रत्येक पाऊल प्रवाशाच्या सोयीचं होतं. जुवारीचा पूल नको होता, मिरजेची बदली चालू ठेवायला हवी होती, असं कुणीच म्हणणार नाही. मीही म्हणत नाही. माझी हळहळ वेगळी आहे. हा पसारा उचलला जात असताना त्याची नोंद, मोजमाप, छायाचित्रं, तिथे राबलेल्या माणसांच्या मुलाखती असं काही ठरवून जमवलं जायला हवं होतं. चर्च आणि देवळं वारसा म्हणून जपायला आपण शिकलो, इंजिनाच्या शेडला आणि हमालांच्या चाळीला तो मान देत नाही. वास्कोत सप्ताहाला दामोदराच्या देवळापुढे रात्रभर भजन करणाऱ्यांत अशा घरांतली माणसं आहेत, ज्यांच्या आजोबांचा पगार या रुळांवरून आला. त्यांच्याकडे अजून सांगण्यासारखं पुष्कळ आहे आणि विचारायला वेळ फार उरलेला नाही.

या रुळांवरचा माल मात्र आता पुन्हा वाढला आहे, उलट दिशेने. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा खनिजाची निर्यात कोसळली. मुरगावला जहाजांतून उतरणारा कोळसा गाड्यांत भरून घाट चढून कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जातो. १८७८ च्या तहात मुरगावकडे माल खाली यायचा होता, आता तो मुरगावहून वर जातो. याच मार्गाचं दुपदरीकरण करायचं ठरलं तेव्हा वेळसांव, कासावली, चांदर या गावांतून विरोध झाला. नोव्हेंबर २०२० मध्ये चांदरला शेकडो लोक रात्रभर रुळांवर बसले होते. मोले राष्ट्रीय उद्यानातून आणि भगवान महावीर अभयारण्यातून जाणाऱ्या घाटाच्या टप्प्याबद्दलचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. ९ मे २०२२ रोजी न्यायालयाने कॅसल रॉक ते कुळे या टप्प्याच्या दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दिलेली मंजुरी रद्द केली. त्यामुळे या निकालानंतर घाटातला हा टप्पा एकेरीच राहिला. एका दिशेची गाडी चढत असेल तर दुसऱ्या दिशेच्या गाडीला कुळ्याला, कॅसल रॉकला किंवा वाटेतल्या एखाद्या स्टेशनावर थांबून वाट बघावी लागते.